शेअरची किंमत कमाईच्या किती पट?

दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. दर्शनी किंमत, बाजारभाव, लाभांश, परताव्याचा दर अशा संज्ञा त्यात येतात. दर्शनी किंमत १०० रुपये, बाजारभाव १२० रुपये, तर अमुक शेअर घेण्यास किती रक्कम लागेल, अशी उदाहरणे मुले भराभर सोडवतात. पण एखाद्या चौकस मुलीने विचारले, “सर, बाजारभाव १२० च का? ८० का नाही, ५०० का नाही?” तर आपण काय उत्तर द्यावे? ‘मागणी आणि पुरवठा’ हे उत्तर खरे असले तरी त्याने समाधान होत नाही. मागणी कशाला असते, हाच तर तिचा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी आपल्या सर्वांचा व्यवहारातही संबंध आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या शिक्षकांना निश्चित पेन्शनऐवजी अंशदानाची योजना लागू झाली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. या योजनेतील पैशांचा काही भाग शेअरबाजारात गुंतवला जातो. म्हणजे ज्याने आयुष्यात एकही शेअर विकत घेतला नाही, अशा शिक्षकाच्याही म्हातारपणीच्या पैशांचा थोडा वाटा कारखान्यांच्या शेअरांत आहे. त्यांची किंमत कशाशी ताडून पाहायची, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

यासाठी वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर एक आकडा छापलेला असतो. त्याला किंमत-उत्पन्न गुणोत्तर किंवा नुसते पी-ई म्हणतात. गणित सहावी-सातवीचे आहे. वाचणे मात्र तितके सोपे नाही, कारण या गुणोत्तराचे अंश आणि छेद दोन्ही सतत बदलत असतात.

आधी शेताचे उदाहरण

समजा, वर्धा जिल्ह्यात एक एकर कोरडवाहू शेत आहे. त्याची किंमत ६ लाख रुपये आहे आणि सर्व खर्च वजा जाता त्यातून वर्षाला २० हजार रुपये हाती राहतात. किंमत भागिले वार्षिक कमाई केले तर उत्तर ३० येते. म्हणजे शेत कमाईच्या ३० पटीने विकले जात आहे. दुसरे एक शेत ४ लाखांचे आहे, पण त्यातून १० हजारच सुटतात. ते ४० पटीने जाते. किंमत कमी असूनही कमाईच्या मानाने ते महाग आहे. तुलना करायची तर नुसती किंमत पाहून चालत नाही, ‘पट’ पाहावी लागते, हा पहिला धडा.

दुसरा धडा कापसाने शिकवला. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता, पण बाजारात भाव १० हजारांच्या वर गेला. समजा, आपल्या पहिल्या शेताची त्या वर्षाची कमाई २० हजारांवरून ४० हजार झाली. शेताची किंमत ६ लाखच राहिली असेल तर पट ३० वरून १५ वर आली. मग शेत निम्म्याने स्वस्त झाले का? हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणारा कोणीही शेतकरी हसून ‘नाही’ म्हणेल. एका वर्षाच्या भावावर शेताची किंमत कोणी ठरवत नाही. घेणारा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा अंदाज करतो आणि देणाराही तोच करतो. सरलेल्या हंगामाची कमाई छेदात बसते आणि येणाऱ्या सगळ्या हंगामांची आशा अंशात बसते.

हे एक वाक्य नीट लक्षात राहिले तर पुढचे सारे सोपे आहे. किंमत पुढे पाहून ठरते, उत्पन्न मागे पाहून मोजले जाते. दोन वेगवेगळ्या काळांतल्या आकड्यांचे हे गुणोत्तर आहे.

आता कारखाना

शेताला एक मालक असतो, कंपनीला लाखो. म्हणून कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा एकूण शेअरांच्या संख्येने भागतात. त्याला दर शेअरी नफा म्हणू. शेअरच्या बाजारभावाला या नफ्याने भागले की ‘पट’ मिळते.

उदाहरणासाठी आपण बजाज ऑटो ही कंपनी घेऊ. तिचे कारखाने वर्ध्यात नाहीत. आकुर्डी, वाळूज, चाकण ही तिच्या कारखान्यांची गावे. पण तिचे मूळ वर्ध्याचे आहे. वर्ध्याच्या शेठ बछराज यांच्या घराण्यात जमनालाल बजाज दत्तक आले. जमनालालजींचे निधन १९४२ साली झाले. त्यानंतर १९४५ मध्ये बजाज कुटुंबाने जी व्यापारी कंपनी काढली तिचे नाव होते बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. हीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. १९५९ मध्ये तिला दुचाकी व तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना मिळाला. २००८ साली वित्तव्यवसाय वेगळा काढून केवळ वाहने बनवणारी बजाज ऑटो शेअरबाजारात स्वतंत्रपणे आली. तेव्हापासूनचे आकडे एकाच प्रकारच्या व्यवसायाचे आहेत, म्हणून तुलनेला सोयीचे आहेत.

२००८-०९ या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा सुमारे ६५६ कोटी रुपये होता आणि शेअर होते १४.४७ कोटी. ६५६ ला १४.४७ ने भागले की दर शेअरी नफा सुमारे ४५.४ रुपये येतो. मार्च २००९ अखेर शेअरचा भाव सुमारे ६१५ रुपये होता. ६१५ भागिले ४५.४ म्हणजे सुमारे १३.५ पट.

याच रीतीने काही निवडक वर्षांचा तक्ता केला आहे. भाव त्या त्या वर्षीच्या मार्चअखेरचे असून सर्व आकडे ठोकळमानाने दिले आहेत.

| वर्ष | निव्वळ नफा (कोटी रु.) | दर शेअरी नफा (रु.) | भाव (रु.) | पट |
|---|---|---|---|---|
| २००८-०९ | ६५६ | ४५.४ | ६१५ | १३.५ |
| २००९-१० | १,७०३ | ११७.७ | २,०१० | १७.१ |
| २०१०-११ | ३,३४० | ११५.४ | १,४६० | १२.७ |
| २०१९-२० | ५,१०० | १७६ | २,०२० | ११.५ |
| २०२०-२१ | ४,५५५ | १५७ | ३,६७० | २३.४ |
| २०२३-२४ | ७,४७९ | २६५ | ९,१५० | ३४.५ |
| २०२४-२५ | ८,१५१ | २९२ | ७,८८० | २७ |

हा तक्ता फळ्यावर लिहून मुलांना पाच मिनिटे नुसता पाहू द्यावा. त्यात विसंगत काय दिसते, हे त्यांनीच शोधावे. निदान तीन गोष्टी त्यांना खटकतील.

पहिली विसंगती: नफा दुप्पट, भाव कमी

२००९-१० वरून २०१०-११ मध्ये येताना नफा जवळपास दुप्पट झाला. तरी दर शेअरी नफा जागच्या जागी राहिला आणि भाव २,०१० वरून १,४६० वर आला. असे कसे?

उत्तर शेअरांच्या संख्येत आहे. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने एकास एक बोनस शेअर दिला. १४.४७ कोटी शेअरांचे २८.९४ कोटी झाले. भाकरीचे चार तुकड्यांऐवजी आठ केले तर भाकर वाढत नाही, तुकडा लहान होतो. म्हणून आधीच्या वर्षांशी तुलना करताना जुने आकडे निम्मे करून घ्यावे लागतात. मार्च २०१० चा भाव नव्या शेअरच्या हिशेबाने सुमारे १,००५ रुपये ठरतो. म्हणजे १,००५ वरून १,४६०. भाव उतरला नव्हता, चढला होता.

आणखी एक बारकावा आहे. ‘पट’ या गुणोत्तरावर बोनसचा काहीच परिणाम होत नाही. किंमत निम्मी आणि दर शेअरी नफाही निम्मा, तेव्हा भागाकार तोच. अंश आणि छेद एकाच संख्येने भागल्यास गुणोत्तर बदलत नाही, हा पाचवीतला नियम येथे उपयोगी पडतो. मग पट १७.१ वरून १२.७ वर का आली?

त्या वर्षीच्या नफ्यात सुमारे ७२५ कोटी रुपये एकवेळचे होते. विक्रीकराची लांबणीवर पडलेली देणी मुदतीपूर्वी, कमी रकमेत फेडल्यामुळे मुख्यतः ती बचत झाली होती. वाहने विकून झालेला तो नफा नव्हता आणि दुसऱ्या वर्षी तो पुन्हा येणार नव्हता. शेताच्या भाषेत सांगायचे तर बांधावरचे सागाचे झाड विकून आलेले ते पैसे. ते वजा केले तर नफा सुमारे २,६१५ कोटी, दर शेअरी सुमारे ९०.४ रुपये, आणि पट १६.१ येते. म्हणजे लोकांचा अंदाज फारसा बदललाच नव्हता. फक्त छेद एका वर्षापुरता फुगला होता.

दुसरी विसंगती: नफा कमी, भाव जास्त

मार्च २०२० आणि मार्च २०२१ च्या ओळी शेजारी शेजारी पाहा. नफा ५,१०० कोटींवरून ४,५५५ कोटींवर आला, आणि भाव २,०२० वरून ३,६७० झाला. पट ११.५ वरून २३.४, म्हणजे दुप्पट.

मार्च २०२० अखेर देशात टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. कारखाने आणि विक्रीची दुकाने बंद होती. पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून अंशातली किंमत कोसळली. पण छेदात बसलेला नफा एप्रिल २०१९ ते मार्च २०२० चा होता. त्यातले जवळजवळ सगळे महिने टाळेबंदीच्या आधीचे होते. भयभीत अंश आणि निर्धास्त छेद, म्हणून पट लहान.

वर्षभराने उलटे झाले. छेदात टाळेबंदीचे महिने आले, म्हणून तो घटला. अंशात मात्र ‘आता गाडी रुळावर येईल’ ही आशा आली, म्हणून तो वाढला. पट मोठी झाली ती दोन्ही बाजूंनी. मार्च २०२१ चे ‘२३ पट’ पाहून ‘फार महाग’ आणि मार्च २०२० चे ‘११ पट’ पाहून ‘फार स्वस्त’ असा निकाल लगेच देता येत नाही. आधी विचारावे लागते: बदल अंशात झाला, की छेदात, की दोन्हींत?

तिसरी विसंगती: नफा जास्त, भाव कमी

२०२४-२५ मध्ये दर शेअरी नफा २६५ वरून २९२ रुपये झाला, म्हणजे सुमारे १० टक्क्यांनी वाढला. तरी भाव ९,१५० वरून ७,८८० वर, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी खाली आला. कंपनीने जास्त कमावले आणि शेअरधारकाच्या हाती कमी उरले.

हे समजायला एक समीकरण पुरेसे आहे.

किंमत = दर शेअरी नफा × पट

नफा १.१० पट झाला. पण ‘पट’ ३४.५ वरून २७ वर आली, म्हणजे ०.७८ पट झाली. १.१० गुणिले ०.७८ म्हणजे ०.८६. किंमत पूर्वीच्या ८६ टक्के राहिली, हिशेब जुळला. कंपनीचे काम बिघडले नव्हते. तिच्याविषयीची आशा थोडी खाली बसली होती.

हेच समीकरण पंधरा वर्षांना लावून पाहिले तर फार बोलके उत्तर मिळते. बोनसचा हिशेब धरून मार्च २००९ चा भाव ३०७.५ रुपये होता. मार्च २०२४ मध्ये तो ९,१५० झाला, म्हणजे सुमारे ३० पट वाढला. याच काळात दर शेअरी नफा २२.७ वरून २६५ रुपये झाला, म्हणजे सुमारे ११.७ पट. गुणोत्तर १३.५ वरून ३४.५ झाले, म्हणजे सुमारे २.५५ पट. ११.७ गुणिले २.५५ म्हणजे जवळजवळ ३०.

तीस पटींतले अकरा-बारा पट कारखान्याने वाहने विकून मिळवले. उरलेली अडीच पट लोकांच्या बदललेल्या मनाने दिली. पहिला घटक कारखाना चालू आहे तोवर वाढत राहू शकतो. दुसरा घटक तसा वाढू शकत नाही. १३ चे ३४ झाले, ३४ चे पुढे ८५ आणि ८५ चे २०० होतील असे धरून चालणे म्हणजे कापसाचा भाव दरवर्षी दुप्पट होईल असे मानण्यासारखे आहे. ‘गेल्या पंधरा वर्षांत एवढे झाले, म्हणून पुढच्या पंधरा वर्षांतही तेवढेच होईल’ असे कोणी सांगू लागला, तर वाढीतला किती वाटा नफ्याचा होता आणि किती ‘पटी’चा, हे त्याला विचारावे. शेअरांतल्या पैशांवर म्हातारपण काढायचे असेल तर हा प्रश्न विचारणे आपल्या हिताचे आहे.

चौतीस पट म्हणजे किती वर्षे?

गुणोत्तर उलटे केले की दुसरा अर्थ दिसतो. १०० ला ‘पटी’ने भागा. २० पट म्हणजे शंभर रुपयांमागे ५ रुपये कमाई, ३४.५ पट म्हणजे २.९ रुपये. बँकेच्या मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज मिळत असेल, तर तिची ‘पट’ १०० भागिले ७, म्हणजे सुमारे १४ झाली. मग ३४ पट देणारे लोक वेडे आहेत का? तसे नाही. ठेवीचे व्याज ठरलेले असते, कंपनीचा नफा वाढू शकतो. वाढ किती होईल यावर सारे अवलंबून आहे.

यावर मुलांकडून एक सुंदर उदाहरण करून घेता येते. पहिल्या वर्षी १ रुपया कमाई आहे. ती वाढलीच नाही तर ३४.५ रुपये जमायला साडेचौतीस वर्षे लागतील. दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली तर? १, १.१, १.२१ अशी बेरीज करत गेले की सुमारे १६ वर्षांत ३४.५ पुरे होतात. २० टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षेही लागत नाहीत. म्हणून मोठी पट ही एक मूक भविष्यवाणी असते: ‘या कंपनीचा नफा झपाट्याने वाढणार आहे.’ भविष्यवाणी खरी ठरली तर महाग वाटलेला शेअर स्वस्त ठरतो. खोटी ठरली तर नफा वाढूनही भाव पडतो. व्याजदर वाढले तरी पट आकसण्याकडे कल असतो, कारण ठेवीसारखा बिनघोर पर्याय अधिक आकर्षक होतो.

छेद शून्याकडे गेला तर?

आता खुद्द वर्धा जिल्ह्यातल्या कारखान्याकडे वळू. वर्ध्याजवळ भूगाव येथे लॉइड्स स्टील कंपनीचा पोलाद कारखाना उभा राहिला. पुढे कंपनीचे नाव उत्तम व्हॅल्यू स्टील्स झाले. शेजारीच उत्तम गाल्वा मेटॅलिक्सचा कारखाना होता. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्या दिवाळखोरी संहितेखालच्या प्रक्रियेत गेल्या. २०२० साली नव्या मालकांनी त्या घेतल्या आणि पुढे त्यांना एव्होनिथ हे नाव मिळाले. त्या प्रक्रियेपूर्वी उत्तम व्हॅल्यू स्टील्सला तोटा होत होता. त्या काळात तिची पट किती होती?

तिला पट नव्हती. याचे कारण गणितात आहे. समजा, एका शेअरचा भाव ५० रुपये आहे. दर शेअरी नफा १० असेल तर पट ५. नफा ५ असेल तर १०. २ असेल तर २५. अर्धा रुपया असेल तर १००. दहा पैसे असेल तर ५००. नफा शून्य झाला तर शून्याने भागता येत नाही. आणि २ रुपये तोटा असेल तर उत्तर येते उणे २५. उणे २५ ही संख्या ५ पेक्षा लहान आहे, म्हणून शेअर फार स्वस्त, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी संख्यारेषेच्या दृष्टीने चूक नाही, अर्थाच्या दृष्टीने मात्र साफ चूक आहे. म्हणूनच तोट्यातल्या कंपनीपुढे हा रकाना बहुधा कोरा सोडतात. आठवीत शिकवलेल्या व्यस्तचलनाचा आलेख काढला की हे सारे एका नजरेत दिसते. छेद शून्याजवळ येतो तसा आलेख आभाळाला भिडतो.

पोलाद, सिमेंट, साखर, कापड या धंद्यांत नफ्याची भरती-ओहोटी फार मोठी असते. समजा, एका पोलाद कंपनीचा दर शेअरी नफा चार वर्षांत २०, १०, १ आणि ८ रुपये झाला. भाव १००, ९०, ६० आणि ८० रुपये होते. पट येते ५, ९, ६० आणि १०. तिसऱ्या वर्षी शेअर सर्वांत स्वस्त मिळत होता, पण गुणोत्तर सर्वांत ‘महाग’ दाखवते. पहिल्या वर्षी गुणोत्तर ‘स्वस्त’ दाखवते, तेव्हा खरे तर नफा शिखरावर होता आणि उतरणीला लागणार होता. अशा धंद्यात लहान पट ही धोक्याची आणि मोठी पट संधीची खूण असू शकते.

यावर उपाय काय? शेतकरी जो करतो तोच. एका वर्षाच्या पावसावरून तालुक्याचे पाऊसमान सांगत नाहीत, अनेक वर्षांची सरासरी घेतात. अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली हेच सुचवले होते. नफा एका वर्षाचा धरू नका, पाच, सात किंवा दहा वर्षांची सरासरी धरा, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या उदाहरणात चार वर्षांच्या नफ्याची सरासरी ९.७५ रुपये आहे. तिने भाव भागले तर पट येते १०.३, ९.२, ६.२ आणि ८.२. आता तिसरे वर्ष सर्वांत स्वस्त दिसते, तसे ते होतेच. आकडा तोच, छेद शहाणा केला.

मोजपट्टी बदलली तर

एक शेवटची खबरदारी. मार्च २०२१ अखेर निफ्टी निर्देशांकाची पट एका दिवसात सुमारे ४० वरून सुमारे ३३ वर आली. बाजार कोसळला नव्हता आणि नफाही वाढला नव्हता. तोवर छेदात फक्त मूळ कंपन्यांचा नफा धरत असत. त्या दिवसापासून त्यांच्या उपकंपन्यांचाही धरू लागले. सेल्सिअसमधला तापमापक काढून फॅरनहाइटचा लावला तर ताप वाढत नाही, आकडा वाढतो. म्हणून जुन्या आणि नव्या आकड्यांचा एकच आलेख काढण्यापूर्वी मोजण्याची रीत तीच आहे ना, हे पाहावे. आपल्या तक्त्यातही सर्व वर्षे बजाज ऑटोचा एकट्या कंपनीचाच नफा घेतला आहे, तो याचसाठी.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. वरील तक्त्यावरून तीन आलेख काढा: दर शेअरी नफा, भाव आणि पट. पहिल्या दोन ओळींतील नफा व भाव बोनससाठी निम्मे करून घ्या. पटीचा आलेख मात्र तसाच ठेवा. असे का, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे.

२. कोणतीही दोन वर्षे घ्या. भावातील वाढ ‘नफ्याचा वाटा’ गुणिले ‘पटीचा वाटा’ अशी मांडा. गुणाकार जुळतो का पाहा.

३. गावातल्या चार-पाच गोष्टींची पट काढा: शेत, दुभती म्हैस, पिठाची गिरणी, भाड्याने दिलेली खोली. सर्व खर्च वजा करायला विसरू नका. म्हशीची पट शेताच्या मानाने इतकी लहान का असते? म्हैस किती वर्षे दूध देते आणि शेत किती वर्षे पिकते, याचा विचार करायला लावा.

४. पावसाळ्यातील एखाद्या वर्षाचा पाऊस आणि दहा वर्षांची सरासरी यांची तुलना करून ‘छेद शहाणा करणे’ म्हणजे काय ते समजावून द्या.

कोणता शेअर घ्यावा हे या गणितातून कळत नाही, आणि कोणी तसे छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहणे बरे. पण बाजारभाव ‘१२० च का?’ या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. कंपनी वर्षाला इतके रुपये मिळवते आणि लोक तिच्या एका रुपयाच्या कमाईसाठी आज इतके रुपये द्यायला तयार आहेत. पहिला आकडा हिशेबाच्या वहीत सापडतो. दुसरा लोकांच्या मनात असतो, आणि तो बदलायला कारखान्यात काही घडावेच लागते असे नाही.